दुसरा डाग

आमच्या मॅडमची एक सवय आहे. स्कॅन संपून चित्रं पडद्यावर आली की रुग्णाचा रेफरन्स फॉर्म त्या टेबलावर पालथा घालतात. नव्याने लागलेल्या मुलांना वाटतं कागद चुकून उलटा पडलाय. ती तो उचलून सुलटा करून देतात आणि बोलणी खातात. फॉर्मवर बहुतेक वेळा एकच ओळ असते : गालाचा कॅन्सर, पसरला आहे का? मॅडमचं म्हणणं असं की ही ओळ आधी वाचली की डोळा तिचंच उत्तर शोधायला लागतो. मग फुप्फुसातला डागही पसरलेला, आतड्यातलाही पसरलेला, मानेतलाही पसरलेला. ‘आधी माणूस बघू, मग कागद,’ असं त्या म्हणतात. त्या न्यूक्लियर मेडिसिनच्या डॉक्टर, मी त्यांच्या हाताखालचा टेक्नॉलॉजिस्ट. सुई टोचणं, रुग्णाला मशीनवर निजवणं आणि काचेपलीकडून ‘हलू नका’ म्हणत राहणं हे माझं काम.

मी मूळचा खांडबाऱ्याचा, नवापूर तालुक्यातला, आणि काम करतो सुरतेतल्या एका पेट-सीटी केंद्रात. आमच्याकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की रूळ त्याला पश्चिमेला आणतात. खांडबाऱ्याला गाडीत बसायचं, मग चिंचपाडा, नवापूर, उकाई-सोनगड, व्यारा, बारडोली आणि उधना. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकड्यावर दोन माणसं शेजारी बसली तरी दोन राज्यांत बसलेली असतात. मुंबईला टाटा हॉस्पिटलात जाणारेही आहेत, पण सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये कुणाचा ना कुणाचा मामा, साडू, मेहुणा खोली घेऊन राहतो. दवाखाना निवडताना डॉक्टरच्या डिगरीइतकीच ती खोली महत्त्वाची ठरते, हे मोठ्या दवाखान्यांच्या जाहिरातवाल्यांना कळत नाही.

ज्यांनी हा स्कॅन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅन्सरच्या पेशी साखरेवर तुटून पडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दाखवलं. त्यावरूनच पुढे ही युक्ती निघाली. साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन जोडायचा, तो शिरेतून द्यायचा, तासभर थांबायचं आणि शरीरात तो कुठे कुठे साठला ते पाहायचं. या औषधाला आम्ही एफडीजी म्हणतो. माणसाला ते पहिल्यांदा दिलं गेलं 1976 साली, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. भारतातलं पहिलं पेट मशीन 2002 साली मुंबईत परळला आलं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. आता या मशीनला सीटी जोडलेला असतो, म्हणजे डाग दिसतो आणि तो नेमका कोणत्या अवयवात आहे तेही दिसतं.

या औषधाला घड्याळ चिकटलेलं असतं. दर 110 मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो. ते पहाटे सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रावर तयार होतं, शिशाच्या जड डब्यातून आमच्याकडे येतं, आणि दारातून आत आल्या क्षणापासून आमची धावपळ सुरू होते. म्हणून सकाळच्या गाडीने येणारा खांडबाऱ्याचा रुग्ण यादीत कितवा ठेवायचा, हा आमच्याकडे रोजचा वाद. एकदा एक बाई ज्या गाडीने येत होत्या ती व्याऱ्याच्या पुढे कुठेतरी अडकली आणि पावणेदोन तास तिथेच राहिली. इकडे डब्यातलं त्या बाईंच्या वाटणीचं औषध निम्म्यावर आलं. त्यांच्या मागे नंबर असलेल्या एका शेठजींना पुढे घेतलं, दुपारच्या खेपेतून बाईंसाठी वेगळा डोस मागवला. संध्याकाळी बाई स्कॅन आटोपून बाहेर आल्या आणि मलाच विचारू लागल्या, ‘दादा, गाडीमुळे तुमचं काही नुकसान तर नाही झालं?’ सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि ही चौकशी.

आता मूळ किस्सा. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आप्पा साठीपुढचे. खांडबाऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर शेती. डाव्या गालात आतून जखम, सहा महिने भरेना. आधी तुरटी झाली, मग हळद, मग कुणीतरी दिलेलं मलम. शेवटी मुलाने हट्टाने आणलं. बायोप्सी झाली होती, कॅन्सर ठरला होता. शस्त्रक्रियेआधी पेट-सीटी सांगितला होता. मी सुई लावताना हाताची बोटं पाहिली. पिवळी पडलेली. बिडी किती ओढता, असं विचारलं तर म्हणाले, ‘आता सोडली.’ कधी? ‘आज सकाळी. तुम्हीच सांगितलं ना, काही घ्यायचं नाही म्हणून.’

औषध दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं. बोलायचं नाही, चघळायचं नाही. जो स्नायू काम करतो तो साखर ओढतो आणि पडद्यावर चमकतो. आमच्या भागातल्या रुग्णांच्या बाबतीत मी या तासात दोनदा आत डोकावतो, कारण कंबरेची तंबाखूची चंची कुणी बाहेर ठेवून येत नाही. एका काकांचे जबड्याचे दोन्ही स्नायू असे पेटलेले दिसले होते की मॅडमनी चित्र पाहताच विचारलं, ‘यांना कुणी तंबाखू मळू दिला?’

आप्पांनी काही चघळलं नव्हतं. चित्रं स्वच्छ आली. पडद्यावर आधी पूर्ण माणूस दिसतो, करड्या-काळ्या रंगाचा, स्वतःभोवती सावकाश फिरणारा. मेंदू काळाभोर, मूत्राशय काळाभोर, यकृत फिकट. हे सगळ्यांचंच. त्यात आप्पांच्या डाव्या गालात ठळक डाग होता, तो अपेक्षितच होता. मान जवळपास कोरी. आणि छातीच्या मधोमध, मणक्याच्या पुढे, आणखी एक डाग. लहान, पण गडद.

मॅडमकडे त्या वर्षी एक तरुण डॉक्टर शिकत होता. त्याने आधी म्हटलं, ॲसिडिटी असेल. त्याचंही चूक नव्हतं. अन्ननलिकेत आम्ल वर येणाऱ्या माणसाची नलिका पेटवर दिसतेच, पण ती दिसते लांबट, रेघेसारखी, फिकट. हा डाग एकाच जागी गोळा झालेला होता. सीटीवर त्याच जागी नलिकेची भिंत जाडसर होती. मग तो म्हणाला, म्हणजे गालाचा पसरलाय. त्यावर मॅडमनी फॉर्म सुलटा केला, वाचला, आणि मला विचारलं, ‘तुमच्या खांडबाऱ्याची पॅसेंजर मधली स्टेशनं सोडून थेट बारडोलीला जाते का?’

गालाचा कॅन्सर पॅसेंजरसारखाच चालतो. आधी जबड्याखालच्या गाठी, मग मानेच्या वरच्या गाठी, मग खालच्या, आणि बरंच पुढे गेल्यावर फुप्फुसं. मधल्या एकाही गाठीत न थांबता तो थेट अन्ननलिकेच्या भिंतीत जाऊन बसेल, हे जवळपास होत नाही. म्हणजे हा तिथेच उगवलेला, वेगळा. रिपोर्टमध्ये मॅडमनी ‘दुसरा प्राथमिक कॅन्सर असण्याची शक्यता, एंडोस्कोपी करावी’ असं लिहिलं. नुसतं लिहून थांबल्या नाहीत, सर्जनना फोन केला. रिपोर्ट तीन पानांचा असतो आणि गर्दीच्या ओपीडीत शेवटच्या दोन ओळीच वाचल्या जातात, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

एंडोस्कोपीत दुर्बीण तिथपर्यंत गेली आणि डाग मिळाला. तुकडा पॅथॉलॉजीकडे गेला. गोम इथेच होती. गालाचा कॅन्सर आणि अन्ननलिकेचा हा कॅन्सर, दोन्ही एकाच जातीचे, स्क्वेमस. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही भाऊच वाटतात. वेगळे आहेत हे ठरवायचं कसं? शील्ड्स वॉरेन आणि ओलिव्ह गेट्स यांनी 1932 साली यासाठी तीन अटी घालून दिल्या, त्या आजही चालतात. दोन्ही गाठी कॅन्सरच्याच असाव्यात, दोन्ही एकमेकींपासून अलग असाव्यात, आणि एक ही दुसरीची पसरण नाही हे दाखवता यावं. तिसरी अट सगळ्यात अवघड. आप्पांच्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टना कडेच्या अस्तरातच बिघाड सुरू झालेला दिसला. चांगल्या पेशी, मग बिघडलेल्या, मग कॅन्सर, असा सलग उतार. बाहेरून आलेल्या गाठीच्या कडेला असा उतार सापडत नाही.

एकाच माणसात दोन स्वतंत्र कॅन्सर असू शकतात, हे व्हिएन्नाचे सर्जन थिओडोर बिलरोट यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. आमच्या भागापुरतं बोलायचं तर यामागचं कारण मुंबईत 1955 सालीच कागदावर आलं होतं. सांघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. चघळण्याचा संबंध तोंडाच्या कॅन्सरशी जास्त, ओढण्याचा घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरशी जास्त, असं त्यांना आढळलं होतं. यातले डॉ. वसंत रामजी खानोलकर म्हणजे भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया घालणारा माणूस. त्या लेखाच्या दोनच वर्षं आधी, 1953 साली, अमेरिकेत डॅनली स्लॉटर यांनी म्हटलं होतं की एकच ठिकाण बिघडत नाही, सगळं अस्तरच बिघडतं, आणि त्यात कुठेही, कितीही ठिकाणी कॅन्सर उगवू शकतो. आप्पा दिवसभर चघळायचे आणि संध्याकाळी ओढायचे. दोन्ही लेखांचा पुरावा एकाच देहात.

एवढं जुनं ज्ञान असूनही फॉर्मवर ‘पसरला आहे का’ एवढंच का लिहिलेलं असतं, याचा मला राग येतो. डोकं-मानेचा कॅन्सर झालेल्या तंबाखूवाल्या माणसाला पुढे दुसरा स्वतंत्र कॅन्सर होण्याचं प्रमाण दरवर्षी 3 ते 7 टक्के असतं, असं पाठ्यपुस्तकांत छापलेलं आहे. म्हणजे ‘दुसरा आहे का’ हाही प्रश्न फॉर्मवर असायला हवा. एक ओळ वाढेल, शाई किती लागेल?

आप्पांना सांगायचं काम सर्जनचं होतं, पण आप्पा रिपोर्ट घ्यायला आमच्याकडे आले आणि काउंटरवर मला गाठलं. कागद पुढे करून म्हणाले, ‘आते हाई काय नवं निंघनं?’ मी मॅडमना बोलावलं. त्यांनी आप्पांना बसवलं, मुलाला बसवलं. अन्ननलिकेतही एक आहे, असं सांगितलं. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पांनी मात्र एकच विचारलं, ‘पसरनं नही ना?’ मॅडम म्हणाल्या, ‘नाही आप्पा, पसरलेला नाही. हा वेगळा आहे.’

‘मंग बरं.’

मुलगा चक्रावला. दोन-दोन कॅन्सर, आणि बाप म्हणतो बरं! पण आप्पांना जे कळलं ते बरोबर होतं. अन्ननलिकेतला डाग पसरण म्हणून धरला असता तर आजार चौथ्या टप्प्यातला ठरला असता. मग गालाची मोठी शस्त्रक्रिया कशाला, वेदना कमी ठेवू, घरी नेऊन जपा, असं बोलणं झालं असतं. तो दुसरा आणि अजून भिंतीपुरताच आहे हे कळल्यावर दोन्हींवर मुळापासून इलाज करण्याचा विचार होऊ शकला. एकाच डागाचं नाव बदललं की सगळा रस्ता बदलतो, आणि तो कधी कधी चांगल्याकडे वळतो. आमच्या वेटिंग रूममध्ये ही गोष्ट कुणाला पटवून सांगता येत नाही. तिथे डाग मोजतात, एक म्हणजे वाईट आणि दोन म्हणजे दुप्पट वाईट.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, आधी कोणतं यावर घासाघीस झाली. गालाची शस्त्रक्रिया केली की रुग्णाला काही आठवडे नाकातून नळी घालून जेवण देतात. ती नळी अन्ननलिकेतूनच जाते. दुसऱ्या गाठीची कल्पना नसती तर ती नळी आंधळेपणाने तिच्यावरूनच सरकवली गेली असती. म्हणून आधी पोटातून जेवणाची वाट करून घ्यायची, मग गाल, जखम भरल्यावर अन्ननलिकेला किरणं आणि सोबत किमो, असं ठरलं. आप्पा त्यातून पार पडले. रोडावले, बोलणं थोडं बोबडं झालं, पण तपासणीला स्वतःच्या पायाने येतात.

हा किस्सा ऐकून कुणाला वाटेल, पेटवर दुसरा डाग दिसला म्हणजे दुसरा कॅन्सर. तसं मुळीच नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून 2005 साली 1,912 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. नव्या कॅन्सरचा संशय आला सुमारे 4 टक्के जणांत. तुकडा तपासून तो सिद्ध झाला सुमारे 1.2 टक्के जणांत. मधल्या माणसांनी किती रात्री जागून काढल्या असतील, त्याचा आकडा लेखात नसतो.

आमच्याकडे तर फसवणारे डाग जास्त. पहिला मान क्षयाचा. छातीच्या मधल्या गाठी लखलखीत पेटलेल्या, फॉर्मवर कॅन्सर, घरचे रडून मोकळे झालेले, आणि तुकड्यात निघतो टीबी. टीबीच्या गाठीही साखर तितक्याच हावरटपणे ओढतात. पेटला दोघांतला फरक कळत नाही.

दुसरा सिकलसेल. एक तरुण मुलगी आली होती, मानेत गाठ. स्कॅनमध्ये पाठीचा कणा, कंबर, मांड्यांची वरची हाडं, सगळं एकसारखं उजळलेलं. शिकणाऱ्या डॉक्टरचा चेहरा उतरला. मी फॉर्मवरचं गाव वाचलं. आमच्याच तालुक्यातलं. बाहेर जाऊन तिच्या आईला विचारलं, ‘माय, सिकलसेलची तपासणी झालीय का हिची?’ आईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. आमच्या जिल्ह्यात भिल्ल, मावची, पावरा, कोकणी या समाजांत हा रक्तदोष खूप आहे. तांबड्या पेशी लवकर मरतात, मग हाडांतला मगज त्या भरून काढायला रात्रंदिवस राबतो आणि राबणारा मगज पेटवर उजळतो. शहरातल्या रेडिओलॉजिस्टला हे पुस्तकातून माहीत असतं, पण नवापूर तालुक्याचं नाव वाचून आठवत नाही. ते कार्ड दवाखान्याच्या कागदांत वर ठेवा, असं मी आता गावाकडच्या प्रत्येकाला फोनवरच सांगतो.

तिसरा गळ्याचा, पण तो दर वेळी फसवत नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेल्या एका ताईंच्या थायरॉइडमध्ये, उजवीकडे, वाटाण्याएवढा डाग. थायरॉइडमधले असे एकाच जागी गोळा झालेले डाग साधारण तीनांतून एक वेळा कॅन्सरचे निघतात, बाकी साध्या गाठी. ताईंचा डाग त्या तीनांतला एक निघाला. पॅपिलरी, म्हणजे कॅन्सरमधला बराच सभ्य. सर्जन म्हणाले, हा थांबू शकतो, आधी स्तन. ताईंच्या सासूबाईंना ते काही पटेना. कॅन्सर आहे म्हणता आणि थांबू म्हणता? त्यांनी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला, तिघांनी तेच उत्तर दिलं, तेव्हा कुठे घरी गेल्या. स्तनाचे उपचार आटोपल्यावर थायरॉइड काढलं.

आप्पांच्या मुलाचं राहिलं. वडिलांच्या मागच्या तपासणीच्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘भाऊ, माझाही काढून टाका ना एक स्कॅन. पैसे भरतो.’ अशी मागणी हल्ली पुष्कळ येते, फुल बॉडीची पाकिटं विकणारे वाढलेत. मॅडम त्याला साफ नाही म्हणाल्या. काही तक्रार नसलेल्या माणसाला एवढी किरणं द्यायची, त्यात एखादा फसवा डाग दिसायचा, आणि मग सुया टोचत बसायचं. शिवाय अस्तराच्या वरच्या थरात नुकतीच सुरू झालेली गोष्ट पेटला दिसतही नाही. त्याऐवजी त्यांनी त्याला खिडकीजवळ उभं केलं आणि तोंड उघडायला सांगितलं.

तीन बोटं उभी जायला हवीत. दोन गेली. तिसरं अडलं. गालाच्या आत पांढुरके, दोऱ्यासारखे ताठ पट्टे. सुपारी-गुटख्याने गाल असा आतून आवळत जातो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण पुडी त्याच्या खिशात होती. वय बत्तीस.

‘दुखत नाही,’ तो म्हणाला.

मॅडमनी स्कॅनचा फॉर्म बाजूला सारला आणि दातांच्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. पुडी त्याने तिथे टाकली नाही. पण चिठ्ठी घेऊन गेला, हे मला त्याच्या उधन्याच्या मामाकडून कळलं. तोंड उघडण्याचे व्यायाम चालू आहेत, म्हणे, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय.